कोरी प्लेट

इनक्युबेटरचं दार उघडून आक्काची प्लेट बाहेर काढली. जंतू वाढवायचं तांबडं आगर ओतलं तेव्हा होतं तसंच गुळगुळीत. त्यावर काहीच उगवलं नव्हतं.

आक्का माझी थोरली बहीण. जांबोटीहून बसनं कशीबशी हिंडलग्याला माझ्या घरी आली, तेव्हा अंगात ताप होता आणि शौचाला रक्त पडत होतं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी फरक पडेना. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. डॉक्टर मला म्हणाले, "जंतू कुठला आणि तो कशानं मरतो, ते सांगा. तोवर माझा अंदाजच आहे." सांगायचं मलाच होतं. बेळगावातल्या प्रयोगशाळेत मी हेच काम करते.

आतड्यात एरवीही जंतूंची गर्दी असते. त्यातला आजाराचा तेवढा वेगळा काढायचा, तर बाकीच्यांना दाबून त्याला वाढू देणारं माध्यम लागतं. आमचं हे तांबडं आगर फक्त उकळी येईपर्यंत तापवायचं. जास्त तापलं की बिघडतं. म्हणून मी भिंतीवर यादी लावली आहे आणि प्रत्येक कामापुढं खूण करते. पावडरीचं वजन, उकळी, थंड करणं, ओतणं. सगळ्या खुणा जागेवर होत्या. तरी यादी पुन्हा वरपासून वाचली. मीच आगर बिघडवलं असेल तर आक्काचा एक दिवस मीच वाया घालवला होता, आणि तिच्याकडं बघून वाटत होतं की वाया घालवायला दिवस उरलेलेच नाहीत.

त्याच घाण्यातल्या आगरावर पडताळणीसाठी ओळखीचा जंतू लावला होता. तो छान वाढला होता. म्हणजे आगर चांगलं होतं. मग आक्काची दुसरी प्लेट बघितली. ते माध्यम इतकं कडक नसतं, निरोगी माणसाचे जंतूही त्यावर गुलाबी उगवतात. तीही कोरी. आता मात्र खरी घाबरले. गोळ्यांनी सगळं इतकं साफ होत नाही. जिवंत माणसाच्या पोटातून आलेल्या नमुन्यात काहीच जिवंत नाही, हे मी कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात आठवलं, आदल्या सकाळी आक्कानं दिलेली नमुन्याची डबी हातात घेतली तेव्हा ती गरम लागली होती. ताजा नमुना आहे म्हणून मला बरंच वाटलं होतं.

घरी फोन लावला. "आक्का, त्या डबीला काय केलंस?"

"काय न्हाय गं. झाकण घट्ट लावलं आन् कढत पाण्यात ठेवली जरा."

"कढत पाण्यात? कशाला?"

"मग? तुला लागंल की माझा रोग. लहान बहिणीच्या हातात असली घाण द्यायची म्हंजे लई जिवावर आलतं. जंतू मेलं म्हंजे बरं, म्हटलं."

"अगं, मला जिवंत पायजेत!"

"जिवंत? येडी हैस काय गं तू? माझ्या पोटातलं मारायचं सोडून पाळतीस व्हय?"

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. विचारलं, "पातेलं कुठलं घेतलंस?"

"तुझ्या चहाचं न्हाय, भिऊ नगंस. मागच्या दारचा पत्र्याचा डबा घेतलता."

रिक्षा करून घरी गेले आणि नवा नमुना घेऊन लगेच परतले. दुपारी आक्काला दवाखान्यात दाखल करून सलाईन लावावं लागलं. तिचा हात हातात घेतला, तर कातडी कागदासारखी लागली.

दुसऱ्या सकाळी इनक्युबेटरसमोर उभी राहिले, तरी दार उघडायचं धाडस होईना. शेवटी उघडलं. आगरावर बारीक, तांबड्या, मध्ये काळा ठिपका नसलेल्या जंतूंच्या वसाहती. रक्ताची आव करणारा जंतू असाच दिसतो. डॉक्टरांना तेवढं लगेच कळवलं. पुढच्या तपासण्यांत तोच निघाला, आणि चालू गोळ्यांना तो दाद देत नव्हता. कुठल्या औषधाला देतो, तेही कळलं. डॉक्टरांनी औषध बदललं.

तरी ताप उतरेपर्यंत मी तिच्या कपाळावरचा हात काढला नाही. मग एका संध्याकाळी तिनं डोळे उघडले. "पेज दे गं थोडी. मीठ जरा जास्त घाल."

मी उठले तसं मागून आलं, "आन् त्यो डबा टाकू नगंस. चांगला धुतलाय म्या."