मालनवहिनीचा जबडा

आमच्या मालनवहिनीच्या वाटेला गेलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. सांडोरच्या आमच्या केळीच्या वाडीत चोर शिरला, तर तिने कोयत्याच्या उलट्या बाजूने त्याची नडगी फोडली आणि मग स्वतःच रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेलं. मी हंसा, तिची धाकटी जाऊ. आयुष्यभर तिला घाबरत आले. अशा बाईला एका दाढेने लोळवलं.

वाडीत पाय घसरून तिचा खुबा मोडला होता. हाडं ठिसूळ झालीत म्हणून हाडांचे डॉक्टर वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन द्यायचे. तिचा मुलगा संग्राम दरवर्षी नेऊन आणायचा. पुढे खालची दाढ दुखायला लागली, तसं त्यानेच तिला जवळच्या पापडी गावातल्या स्टीवन डॉक्टरकडे नेलं. दाढ काढण्याआधी डॉक्टरने विचारलं, "औषधं कुठली चालू आहेत?"

"बीपीची गोळी. बस," संग्राम मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला.

वहिनीनेही मान हलवली. दोघं खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे औषध म्हणजे रोज डबीतून काढून गिळायचं ते. वर्षातून एकदा टोचतात ती हाडांची ताकद, वाडीला शेणखत घालावं तशी. ती औषधात कोण धरतो?

दाढ निघाली, पण खड्डा काही भरेना. पू यायला लागला, तोंडाला वास मारायला लागला. हिरडीतून पिवळट, टणक काहीतरी डोकावत होतं. पाठीमागे लोक कॅन्सर म्हणायचे. वहिनी म्हणायची, "मेल्याने अर्धीच दाढ काढली. तुकडा आत ठेवलाय." परत डॉक्टरकडे जायला तयार नाही. एका दुपारी मी स्वयंपाकघरात शिरले, तर ही आरशासमोर उभी, तोंडात पक्कड. ओट्यावर रक्त, पदरावर रक्त. मी पक्कड हिसकली तर माझ्या छातीत कोपर मारलं. मीही तिला भिंतीवर ढकललं. तोंडाला लागलेलं रक्त तिने माझ्याच खांद्याला पुसलं आणि मग ती रडली. मालनवहिनी रडते हे मला तोवर माहीत नव्हतं.

दारात संग्राम उभा होता. तसाच मागे फिरून त्याने गाडी काढली. डोकं फिरलं की तो आईच्याच वळणावर जातो. मी रिक्षाने मागोमाग गेले. पोचले तोवर पेशंट रस्त्यावर पळाले होते आणि आत त्याने डॉक्टरला खाली पाडून लाथा घातल्या होत्या. स्टीवनचा ओठ फाटलेला. उजव्या हाताने तो डोकं वाचवत होता.

"हाड बाहेर आलंय माझ्या आईचं," संग्राम ओरडला.

डॉक्टरने हात खाली घेतला. "हाड? दाताचा तुकडा नाही, हाड?" तो विचारतच होता, तेवढ्यात संग्रामने त्याच्या मनगटावर बूट आपटला. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याचंच खाली पडलेलं हेल्मेट उचलून मी संग्रामच्या पाठीत घातलं. राक्षस नुसता.

जमिनीवर पडल्यापडल्या डॉक्टरने मला विचारलं, "हाडांसाठी काही टोचलंय का त्यांना?"

"दरवर्षी," मी म्हणाले.

त्याने डोळे मिटले. "आजच जबड्याच्या सर्जनकडे न्या. आणि त्या हाडाला कुणी हात लावू नका."

सर्जनबाईंनी स्कॅन काढला, तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता. त्या म्हणाल्या, "त्या इंजेक्शनने हाडाची झीज थांबते, तशी दुरुस्तीही मंदावते. क्वचित कुणाचा जबडा दाढ काढल्यावर भरतच नाही, हाड मरतं. आधी कळलं असतं तर दाढ न काढता वाचवायचा प्रयत्न झाला असता. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं का?"

उत्तर वहिनीने दिलं, "विचारलं होतं."

आधी अँटिबायोटिक, गुळण्या. मग मेलेलं हाड खरवडून काढलं. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे पकडीने आणखी जोर लागला असता तर जबडाच तुटला असता. तो वाचला.

इकडे स्टीवनने पोलिसांत तक्रार दिली होती. त्याची बोटं पूर्वीसारखी वळतील याची खात्री कुणी देत नव्हतं. चार माणसं मध्ये पडली: आईने हात जोडले तर डॉक्टर तक्रार मागे घेतील. म्हणून हॉस्पिटलमधून घरी सोडल्यावर वहिनीने रिक्षा पापडीला घ्यायला सांगितली, तेव्हा संग्रामचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला, खोटं कशाला बोलू.

दवाखाना पेशंटसाठी बंदच होता. आत स्टीवन प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसला होता. वहिनीने आधी संग्रामला मारलं. थोबाडीत, पाठीत, हात पोचेल तिथे. तो खाली बसला तरी थांबेना.

"बस करा, काकी. टाके तुटतील," डॉक्टर म्हणाला.

ती थांबली. सुजलेल्या तोंडाने एकेक शब्द सावकाश जुळवत त्याला म्हणाली, "तक्रार मागे घेऊ नको, बाबा. कोण कितीही पाया पडलं तरी."