तळ्यापलीकडचं दार

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, पुण्याच्या बहिणीजवळ नाही, आणि वाचनकट्ट्यातल्या मैत्रिणींजवळ तर नाहीच नाही — त्यांच्यापासून तर जपून ठेवलंय. मग तुमच्याजवळ का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आज शनिवार आहे, दुपार व्हायला आलीय आणि मघापासून मी या खोलीतून त्या खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालतेय, म्हणून असेल. सांगते. पण एका दमात सांगता येईल असं वाटत नाही.

आधी पुस्तकांबद्दल बोलू का? ते सोपं आहे.

आम्हा बंगळूरच्या मराठी मंडळींचा एक वाचनकट्टा आहे. महिन्यातून एकदा जे. पी. नगरात कोणाच्या तरी घरी जमतो. पोहे, फिल्टर कॉफी, आणि मग प्रत्येकानं नुकतंच काय वाचलं ते सांगायचं. या कट्ट्यावर माझा फार दबदबा आहे. ग्रुपवर माझी टिपणं येतात — एका आठवड्यात जादूच्या राज्यांची जाडजूड कादंबरी, पुढच्या आठवड्यात एखादी गंभीर, पुरस्कार मिळालेली. लोक विचारतात, एवढा वेळ कुठून काढता हो? मी हसते आणि म्हणते, काढायचा असतो.

मी काढत नव्हते. मी पुस्तकं पुरी करतच नव्हते.

हसलात ना? एवढंच होय, असं वाटलं ना? थांबा जरा.

माझा स्वभावच असा आहे — एका जागी बूड टेकत नाही. कोरमंगलातल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. तिथे इतरांनी अर्धवट सोडलेलं मला अचूक सापडतं, हा विनोद माझा मलाच अनेकदा सुचलाय. पुस्तकाची सुरुवात मला वेड लावते. जादूच्या कादंबरीत पहिल्या पानावर नकाशा असतो ना, तो मी कितीतरी वेळ बघत बसते. मागे एक वाचली, तिच्यात एका गावातल्या विहिरी रात्रीतून जागा बदलायच्या आणि सकाळी त्या शोधून काढायचं काम एका मुलीकडे होतं. काय सुंदर होतं ते! पण मग राजधानीतून सैन्य निघालं, तलवारींना नावं दिली गेली, आणि माझं मन उठलं. गंभीर कादंबऱ्यांचंही तसंच. पहिल्या प्रकरणात मी पेन्सिलीनं खुणा करते, वाक्यं मोठ्यानं वाचते. नायिका तिसऱ्यांदा खिडकीबाहेर बघायला लागली की मी हळूच दुसरं पुस्तक उघडायचे.

आणि हे कधी उघडकीला आलं नाही, कारण आमच्या कट्ट्याचा एक नियम आहे — शेवट सांगायचा नाही. दुसऱ्याची मजा जाते. इंटरनेटवरसुद्धा लोक शेवट लपवतात. मी टिपणाच्या खाली लिहायचे, 'शेवटाबद्दल बोलत नाही, तो तुम्हीच अनुभवा.' त्याला सगळ्यात जास्त अंगठे यायचे.

कट्ट्यावर हे खपलं. अक्कांपुढे कसं खपणार?

शकूअक्का आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. मूळच्या निपाणीकडच्या, पण लग्न होऊन इथे आल्या त्याला आयुष्य झालं. त्यांच्या बोलण्यात मराठी कुठे संपतं आणि कन्नड कुठे सुरू होतं ते त्यांनाही ठाऊक नसतं. यजमान सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, ते गेले. मुलगा परदेशी. अक्का पूर्वी मिळेल ते मराठी वाचायच्या, दिवाळी अंक तर जाहिरातींसकट. मग नजर गेली — म्हणजे माणूस दिसतं, अक्षर दिसत नाही. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा मी सहज वाचत असलेल्या कादंबरीची गोष्ट सांगितली, आणि त्यांनी माझा हात धरून पायरीवर बसवलं. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाऊन इंग्रजी कादंबरी मराठीत सांगते.

त्यांच्यासारखं ऐकणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही. उच्चार न होणाऱ्या सगळ्या नावांची त्या वाट लावायच्या. राजपुत्राचं बसवराज झालं, चेटकिणीला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंचं नाव मिळालं. ड्रॅगन आला की पहिला प्रश्न, त्याला रोज खायला कोण घालतं आणि मागचं कोण काढतं. लेखकानं त्याचा विचार केलेला नसायचा. मी हसून हसून दमायचे.

पण त्यांना शेवट हवा असायचा. हवाच. कट्ट्याचा नियम त्यांना कसा सांगणार? त्या काही ते पुस्तक पुढे वाचणार नव्हत्या. त्यांच्यापुरतं पुस्तक म्हणजे मीच. 'मग? पुढं?' असं म्हणून त्या चेहरा पुढे करून बसायच्या, आणि मी — मी शेवट बनवून सांगायचे.

पहिल्यांदा जीभ थोडी अडखळली. नंतर नाही. मी तर माझे नियमच ठरवून टाकले. जादूची कादंबरी असेल तर शेवट गोड. मुलीला राज्य, नाहीतर निदान विहीर मिळायची. गंभीर कादंबरी असेल तर शेवट उदास. तिथे माणसांनी भेटायचं नाही. भेटलीच तर बोलायचं नाही. मला खरंच वाटायचं की दर्जा यालाच म्हणतात. कोणी कोणाला मिठी मारली की मी ते पुस्तक टीव्ही मालिकांच्या रांगेत टाकायचे. किती शहाणी होते मी, बघा.

आता ते तळ्याचं पुस्तक.

थंड देशातली गोष्ट होती. एका मोठ्या तळ्याच्या दोन काठांवर दोन बहिणी राहतात आणि वर्षानुवर्षं बोलत नाहीत. धाकटीनं आईच्या शेवटच्या दुखण्यात थोरलीला वेळेवर कळवलेलं नसतं. थोरली रोज पलीकडच्या घराचा दिवा बघते. अर्ध्या पुस्तकात इतकंच होतं, पण ते इतकं संथ आणि नेमकं लिहिलं होतं की मीसुद्धा, मीसुद्धा, अर्ध्यापर्यंत टिकले. मग एके दिवशी थोरली होडी काढते, पलीकडे जाते आणि धाकटीच्या दाराशी उभी राहते. तिथे प्रकरण संपत होतं. तिथेच मी पुस्तक पालथं घातलं आणि नवं उघडलं.

ही गोष्ट अक्कांना मी तीन-चार शनिवार पुरवून सांगितली. या वेळी नावं बदलली गेली नाहीत. ड्रॅगनवाल्या शंका नाहीत, काही नाही. मला कळायला हवं होतं. अक्कांची धाकटी बहीण विमल इथल्याच, बंगळूरच्या शिवाजीनगरला राहायची, बाजारामागच्या जुन्या घरात. आई शेवटी तिच्याकडे होती, आणि अक्का पोचल्या तेव्हा सगळं उरकलेलं होतं. दारातच त्या बहिणीला म्हणाल्या होत्या, तुझं तोंड पुन्हा बघणार नाही. त्यानंतर तिथे पाऊल टाकलेलं नव्हतं. एवढं त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, भाजी निवडता निवडता, आणि पुन्हा विषय काढला नव्हता. मी ते विसरले होते का? नाही. विसरले असते तर हे सांगणं सोपं झालं असतं.

त्या शनिवारी मी गेले तर अक्का ठेवणीतलं इरकल नेसून बसल्या होत्या. टेबलावर स्टीलचा डबा, त्यात शेंगाहोळगी — म्हणजे शेंगदाण्याच्या गुळाच्या पोळ्या. त्या आदल्या दिवशी जवळजवळ चाचपडतच केल्या असणार. मला म्हणाल्या, गोष्ट संपव, मग तुझ्या फोनवरून मला शिवाजीनगरला जायला रिक्षा बोलावून दे. कोणाकडे ते बोलल्या नाहीत. बोलायची गरज होती का?

मला त्या दिवशी घाई होती. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर जेवायला जायचं होतं, फोन सारखा थरथरत होता. मी सांगत गेले — होडी, धुकं, लाकडी पायऱ्या, दार. आणि थांबले, कारण माझ्याजवळ पुढे काही नव्हतं.

'दार उघडलं काय गे तिनं?'

एक क्षण होता माझ्याकडे. एवढंच म्हणायचं होतं की अक्का, मी इथवरच वाचलंय. जग बुडालं नसतं. त्या हसल्या असत्या आणि रिक्षात बसल्या असत्या. पण मी थोर वाचक ना! शिवाय उघडलं म्हणून सांगावं तर ते मला फार सोपं, फार गोडगोड वाटलं — एवढ्या चांगल्या कादंबरीला ते शोभेल का, असा विचार, खरंच सांगते, माझ्या डोक्यात आला. मी म्हणाले, नाही उघडलं. ती पावसात बराच वेळ उभी राहिली. खिडकीचा पडदा जरासा हलला. मग ती परत होडीत जाऊन बसली.

पडदा माझा होता. मला त्याचा अभिमानही वाटला.

अक्कांनी डब्याचं झाकण दाबून लावलं. मग म्हणाल्या, 'आत होती म्हणजे.'

मी म्हणाले, होती.

'सरी,' त्या म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. मग डबा माझ्याकडे सरकवला, तुम्हीच खावा म्हणाल्या, आणि रिक्षा नको म्हणून सांगितलं.

मला तिथल्या तिथे कळलं होतं. दोन जिने चढून घरी येईपर्यंत कळलं, नंतर उमगलं, असलं काहीतरी सांगायचा मोह होतोय, पण तसं नाही. डबा हातात आला तेव्हाच कळलं. तरी मी बोलले नाही. जेवायला गेले, खूप हसले, आणि त्या पोळ्या आम्ही आठवडाभर तूप घालून खाल्ल्या. छान झाल्या होत्या.

पुढच्या शनिवारी सांगू असं ठरवलं. पुढच्या शनिवारी मी नवी गोष्ट सुरू केली. मग त्याच्या पुढच्या. पावसाळा संपता संपता विमलताई गेल्या. झोपेतच गेल्या म्हणे. अक्कांना मीच टॅक्सीनं शिवाजीनगरला घेऊन गेले. घर माणसांनी भरलेलं होतं आणि दार सताड उघडं होतं. अक्का बहिणीच्या उशाशी बसल्या आणि तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवत राहिल्या. त्यांना तो नीट दिसत नव्हता.

परत येताना टॅक्सीत त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, 'बरं झालं, तवा मी गेले नाही. तिनं दार लावून घेतलेलं बघून मला माघारी यायला झालं नसतं.'

मी त्यांचा हात दाबला. दुसरं काही केलं नाही.

घरी येऊन मी कपाटात मागे टाकलेलं ते पुस्तक काढलं आणि उरलेलं वाचलं. दार उघडतं. पुढच्याच पानावर उघडतं. धाकटी म्हणते, पाय पूस, फरशी आत्ताच पुसलीय. मग दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत बसतात. मिठी नाही, रडणं नाही. पुढे त्या पुन्हा भांडतात, आईवरून भांडतात, थोरली रागानं निघून जाते आणि पुढच्या आठवड्यात परत येते. मी ते वाचताना रडले. इतकं साधं आणि इतकं चांगलं मी फार दिवसांत वाचलं नव्हतं. सोपं तर ते कुठेच नव्हतं. कट्ट्यावर या पुस्तकाचं माझं टिपण अजून सगळ्यांना आठवतं. 'लेखिका वाचकाला दिलासा देत नाही' असं मी त्यात लिहिलं होतं.

तेव्हापासून मी पुस्तकं शेवटपर्यंत वाचते. कंटाळले तरी वाचते, सैन्यं निघाली तरी वाचते. याचा अक्कांना काय उपयोग?

आणि अजून एक आहे. तेवढं सांगून संपवते.

गेल्या शनिवारी मी नव्या कादंबरीचा नकाशा समजावत होते. अक्कांनी मध्येच थांबवलं. स्वल्प थांब म्हणाल्या. त्या तळ्याची गोष्ट परत सांग. मला वाटलं, आता. आता सांगता येईल, खरी गोष्ट, मटारासकट. मी सुरुवात केली. दोन काठ, दिवा, होडी. दाराशी आले आणि माझा धीर सुटला. खरं सांगवेना, आणि जुनं जसंच्या तसं सांगायचीही लाज वाटली. म्हणून मी मधलाच मार्ग काढला — ती दाराशी उभी राहिली, दार उघडलं नाही, आणि ती परत फिरली, एवढंच म्हणाले. धाकटी कदाचित घरात नसेलच, असं अक्कांना वाटावं, असा माझा बेत होता. हे त्यांच्यासाठी केलं असं मी म्हणू शकते. पण मी ते त्यांना घाबरून केलं.

अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांनी मान हलवली.

'पडदा राहिला की गे,' त्या म्हणाल्या. 'पडदा हलला होता.'

मी म्हणाले, हो अक्का, हलला होता.