तुपाच्या डब्यातला ताड

ऐंशी साल उजाडायचं होतं. सातपूरला आमच्या शेजारच्या खोलीत एक टर्नर राहायचा. कारखान्यातून आला की हातपाय धुण्याआधी तो गॅलरीतल्या तुपाच्या जुन्या डब्याला पाणी घालायचा. डब्यात नुसती माती.

"थंड डोंगरातल्या ताडाचं बी हाय," तो सांगायचा. "मेव्हणा मिलिटरीत हाय, त्यानं कुमाऊंहून धाडलं. त्याला घाई नाय."

आठ महिने झाले तरी माती तशीच. उन्हाळ्यात स्वतः पत्र्याखाली उकडत बसायचा, पण डब्याला ओलं गोणपाट गुंडाळायचा. नुसत्या मातीला एवढं कोण जपतं? आत कारखान्यातलं पितळ दडवलं असणार, असं मी बायकोला सांगूनही टाकलं.

एकदा तो फर्स्ट शिफ्टला गेल्यावर मी डब्यात बोट खुपसलं. खोल काहीतरी कट्‌कन मोडलं. उकरून पाहिलं तर पांढराशुभ्र कोंब, टोकाला बी चिकटलेलं. मी तो तसाच पुरला आणि माती थापून सारखी केली.

दुपारी परतल्यावर त्यानं मातीवरून तळहात फिरवला. एकदा माझ्या दाराकडे बघितलं.

पुढे वर्षभर तो त्या डब्याला रोज पाणी घालत राहिला. फक्त आता आधी मला हाक मारायचा, "भाऊसाहेब, या. बघा बरं, काय आलंय का."

मी रोज उठून जायचो, वाकून बघायचो आणि म्हणायचो, "नाही अजून."