योगदिनानंतरची खुर्ची

नायगावच्या नव्या टॉवरांमधल्या आमच्या शाळेत शिक्षकांना वर्गात खुर्ची नसते. बसला की शिक्षक झोपतो, असा मुख्याध्यापिकाबाईंचा सिद्धांत. स्वतः त्या केबिनमध्ये गादीच्या खुर्चीत बसून कॅमेऱ्यावर आम्हाला उभं बघतात.

मला जन्मापासून सांधे सैल असण्याचा आजार आहे. हाडं जागेवर धरणारे बंध माझ्यात इलॅस्टिक गेलेल्या मोज्यासारखे आहेत. फार वेळ उभी राहिले की गुडघा सरकतो, फळ्यावर उंच लिहिताना खांदा निखळतो. हे बरं होत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून मी खुर्ची मागितली, तेव्हा बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, दिसत तर काही नाही.

मग योगदिन आला. खेळाचे सर नोकरी सोडून गेलेले. मी वाकले की तळवे सहज जमिनीला टेकतात, हे बाईंनी कधीतरी पाहिलं होतं. प्रात्यक्षिक तुम्हीच करा, खुर्चीचं लगेच बघू, असं त्या गोड बोलल्या. डॉक्टरांनी असलं वाकणं बंद करायला सांगितलंय, हे मी बजावलं. पण खुर्ची हवी होती, आणि नोकरी तर हवीच होती. केलं. पालकांनी टाळ्या वाजवल्या, माझा फोटो फाटकावरच्या फलकावर लागला, आणि मी कितीतरी दिवस कमरेला पट्टा बांधून मनवेलपाड्यातल्या घराचा जिना बसत बसत चढले.

गरज सरो, वैद्य मरो. खुर्चीची आठवण केली, तर बाईंनी मोबाइलवर तोच फोटो माझ्यापुढे धरला.

“एवढं वाकता येतं टीचर, आणि उभं राहता येत नाही?”

“ज्या आजारानं वाकता येतं, त्याच आजारानं उभं राहता येत नाही,” मी म्हटलं. “खुर्ची मिळेपर्यंत मी इथंच बसते. मुलांना केबिनमध्ये पाठवा.”

आणि त्यांच्यासमोरच्या पाहुण्यांच्या खुर्चीत मी ठाण मांडलं. प्रवेशासाठी आलेले पालक काचेतून बघत होते. बाईंचा उतरलेला चेहरा बघून मला आनंद झाला, तो मी लपवणार नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात खुर्ची आली. नर्सरीच्या पोरांची, प्लास्टिकची, माझ्या अर्ध्या नडगीएवढी उंच. बसले की गुडघे छातीला लागतात, उठताना दोन्ही सरकतात. मागितली होती, दिली, असं बाई स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवतात. मी रोज तिच्यावर बसते. कंटाळून मी आपणहून राजीनामा द्यावा, एवढीच त्यांची इच्छा आहे. तो मी देणार नाही.