पिवळ्या हातांची सहल

"हिला कशाला हळद? ही तर बारा महिने लावूनच बसलीय."

मालकाची बायको एवढं बोलली आणि वाटी घेऊन पुढच्या बाईकडं सरकली. कारखान्याच्या ऑफिसात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ऑफिसातल्या मॅडम खुर्च्यांवर, आम्ही पॅकिंगच्या बाया भिंतीला लागून सतरंजीवर. मी कपाळ पुढं केलं होतं, ते तसंच पुढं राहिलं. तिळगूळ मात्र मिळाला. हातात नाही. मालकीणवहिनींनी माझ्यापुढं पेपरचा तुकडा टाकला आणि बोट लागणार नाही एवढ्या उंचीवरून लाडू सोडला. लाडू घरंगळला. मी सतरंजीवरून उचलून घेतला.

सगळ्या हसल्या. मीपण हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच.

कारण हसणं-हसवणं हे माझंच खातं होतं. मी दहा सांगितले की ऐकणाऱ्यानं दोन धरायचे, हे अख्ख्या पॅकिंगला माहीत. आमची पावडर पिवळीजर्द. मी सांगायचे, कारखान्याच्या पत्र्यावर कावळा बसला की उडताना सुगरण होऊन उडतो. माझ्या हातची भाकर वरणात न बुडवताच वरण-भाकर दिसते. शेजारणीच्या कोंबडीची पिल्लं मला आई समजून नळापर्यंत मागं येतात, आणि कोंबडी माझ्याशी भांडायला येते. बाया पोतं सोडून पोट धरायच्या.

माझ्या आईला मुखेडच्या बाजारात चहा वेगळ्या कपात मिळायचा. ती सांगायची तेव्हा मला वाटायचं, गेलं ते, संपलं. आईचा कप जात विचारून वेगळा काढलेला. मला कागद मिळाला तो हात बघून. माझी जात कुणी विचारली नाही, हे खरं. पण गुत्तेदारानं पॅकिंगला कोणकोणत्या वस्त्यांतून बाया भरल्या ते बघितलं, तर विचारायचं काही उरतच नाही.

नांदेडजवळच्या त्या कारखान्यात कपड्यांचे रंग बनवायला लागणारी पावडर व्हायची. माल सगळा परदेशात. आम्ही फावड्यानं पिशव्या भरायच्या, शिवायच्या आणि वरून लेबल चिकटवायचं. लेबलावर चार-पाच देशांच्या भाषा. मराठी त्यात नाही. पण चित्रं होती. मेलेला मासा. कवटी. चष्मा लावलेलं तोंड. हातमोजा घातलेला हात. म्हणजे तिकडं जो ही पिशवी उघडणार त्याला सांगितलेलं, बाबा, हात झाक, नाक झाक, जपून. इकडं जी भरत होती ती ते चित्र उघड्या हातानं चिकटवत होती आणि नाकाला पदर बांधत होती. तो पदर घरी गेल्यावर लेकरांच्या कपड्यांत धुवायचा. लेकरांच्या चड्ड्यापण पिवळ्या.

आता तुम्ही म्हणाल, सरकार काय करत होतं. सरकार यायचं की. गाडी घेऊन यायचं. परदेशातल्या गिऱ्हाइकाची माणसंपण यायची, सगळं नीट चाललंय का बघायला. पण येण्याआधी फोन यायचा. आणि फोन आला की आम्हाला देवी आठवायची.

म्हणजे आम्हाला नाही, कंपनीला. ज्यांचे हात पिवळे त्यांना सकाळी सकाळी बसमध्ये भरायचं आणि माहूरला न्यायचं. रेणुकामातेचं दर्शन, वर पुरीभाजीचं पाकीट, येणं-जाणं फुकट. माझ्या जोडीची शाहीन म्हणाली, "मैं क्या करूं वहां?" तर सुपरवायझर म्हणाला, "दर्गा हाय ना तिथं. तू तिकडं जा. कंपनी सगळ्यांची सोय बघती."

आणि आमच्या जागेवर कोण? मालकाची लातूरला डाळमिल. तिथल्या बाया टेम्पोत घालून आणायच्या. त्यांचे हात कसे, डाळीच्या कोंड्यानं मऊ, स्वच्छ. त्यांना नवे हातमोजे, नवे मास्क घालून आमच्या पिशव्यांपुढं उभं करायचं. साहेब बघायचे, माना हलवायचे, जेवायचे, जायचे. साहेब गेले की मोजे परत कपाटात आणि कपाटाला कुलूप.

मला आधी ती सहल मानाची वाटायची. वस्तीत सांगत फिरायचे, "आमची कंपनी लई देवभोळी हाय. साहेब यायचे म्हटलं की आम्हाला गडावर पाठवती."

शाहीन माझ्याच पिशवीला दुसऱ्या बाजूनं धरायची. नांदेडातलीच. बाप लाकडावर नक्षी करणारा, तो वारला. घरात म्हातारी आई आणि ही. मला अक्का म्हणायची. माझी प्रत्येक थाप ती पुढं ताणायची. मी म्हणाले पिल्लं मागं येतात, की ती म्हणायची, "हाव ना, और अंडे भी पीले हो गये."

मग एकदा असंच माहूरला निघालो, तर बसमध्येच ती गप होती. डोकं दुखून राहिलंय म्हणाली. माहूरला उतरल्यावर दर्ग्याकडं एकटी जायचा कंटाळा म्हणून आमच्याबरोबर पायऱ्या चढू लागली. अर्ध्यातच बसली. "तुम जाओ, अक्का. मैं बैठती इधर."

आम्ही दर्शन घेतलं. देवीचा तांबूल खाल्ला. उतरताना सगळ्यांची तोंडं लालभडक. आणि शाहीन कठड्याला टेकून बसलेली, ओठ निळे. एकजण हसून म्हणाली, "जांभळं खाल्ली का गं?" जांभळांचा मोसम नव्हता. मी तिचा हात धरला. पिवळ्या बोटांची नखं मुळातून निळी. मान माझ्या खांद्यावर पडली.

मी सुपरवायझरला म्हणाले, "गाडी काढा. इथल्या दवाखान्यात न्या."

"उपाशी आली असंल. लिंबूपाणी पाजा."

"तिचे ओठ बघा की हो."

तो ओठांकडं नाही, आजूबाजूच्या माणसांकडं बघत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "दवाखान्यात विचारतील कुठं काम करती. मी काय सांगू? आज तर तुम्ही कामावर न्हाईतच."

आज तुम्ही कामावर नाहीत. म्हणजे आम्ही कुठंच नव्हतो. कारखान्यात आमच्या जागी दुसऱ्या उभ्या होत्या, आणि गडावरच्या भाविकांना निळ्या ओठांची एक पोरगी दिसत होती, तिचा कंपनीशी संबंध नव्हता. देवीला नेलं, देवीला नेलं म्हणून मी वस्तीत मिरवलं. ते आम्हाला लपवायला नेत होते. घरात पाहुणे आले की केरसुणी दाराआड ठेवतात, तसं.

मी बसच्या चाकापुढं बसले. दुसऱ्या बायापण बसल्या. तेव्हा कुठं बस निघाली. माहूरच्या दवाखान्यापुढं ती थांबलीच नाही, पण नांदेडला थेट सरकारी दवाखान्यात गेली, कारण रस्ताभर मी ड्रायव्हरच्या कानापाशी उभी होते. डॉक्टर पोरगेलासा होता. त्यानं शाहीनला एक औषध शिरेतून दिलं. ते औषध निळंच होतं, गडद निळं. निळी पडलेली पोरगी निळ्या औषधानं गोरी झाली. माझ्या सगळ्या थापांत ही एक खरी, आणि हीच वस्तीत कुणाला पटत नाही.

डॉक्टर म्हणाला, "पावडरीनं रक्त बिघडतंय. हिला परत त्या कामाला पाठवू नका. पुढच्या वेळी एवढा वेळ मिळणार न्हाई." मग माझ्या नखांकडं बघून म्हणाला, "मावशी, तुम्हीपण जपा."

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरपुढं उभी राहिले. खुर्ची नव्हती असं नाही. दोन रिकाम्या होत्या. मी सांगितलं, शाहीनला झाडायला ठेवा, कँटीनला ठेवा, पावडरीतून काढा. आणि आम्हाला ते कपाटातले मोजे द्या, मास्क द्या.

मॅनेजर हसला. "दुसरं काम न्हाई. जमत नसंल तर घरी बसा म्हणावं. आणि अक्का, तू कुणाला सांगणार हे? तूच सांगतीस ना कावळा पिवळा झाला म्हणून?"

केबिनमधले दोघं-तिघं हसले. या वेळी मी हसले नाही. माझ्याच तोंडानं त्यानं माझं तोंड बंद केलं होतं. शाहीन आठवडाभर घरी पडली आणि परत आली. घरात म्हातारी होती, चूल होती. परत माझ्याच पिशवीला, दुसऱ्या बाजूनं.

मग परत फोन आला. परत बस. सुपरवायझरनं नावं घेतली. मी "हाव" म्हणाले, चढले, शाहीनला खिडकीपाशी बसवलं आणि "लघवीला जाऊन येते" म्हणून मागच्या दारानं उतरले ते थेट पॅकिंगमध्ये. डाळमिलच्या बाया मोजे चढवत होत्या. मी एक जोड उचलला आणि घातला. काय मऊ होता. एवढे दिवस कुलपात होता तो.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं मला खालवर बघितलं. नाव गंगाबाई, हे नंतर कळलं. म्हणाली, "तू आमच्या मिलातली न्हाईस गं."

"आजच्या दिवस हाय."

ती जरा सरकली, मला जागा दिली.

साहेब आले. परदेशातून आलेली एक उंच बाई, बरोबर मॅनेजर. ती बाई लेबलं बघत, पिशव्या बघत गंगाबाईपुढं थांबली आणि हातानं खूण केली, काम करून दाखवा. आता गंगाबाईनं आयुष्यभर काम एकच केलेलं. तिनं पटकन मोजा काढला, पावडरीची मूठ घेतली, तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. डाळीचं साल उडवतात तशी.

पिवळा ढगच उठला. गोरी बाई तोंड झाकून मागं उडाली. मॅनेजर ओरडला. गंगाबाई बिचारी हात तसाच धरून उभी, काय चुकलं ते कळेना. मग तो हात ती तोंड पुसायला उचलू लागली.

मी तिचं मनगट धरलं. तो तळवा पिवळा होत होता, माझ्या डोळ्यांदेखत. उद्या हीपण माहूरला. परवा हिच्या जागी आणखी कुणी. मालकाकडं मिला लई होत्या, बाया त्याहून लई.

मी मोजे काढले. दोन्ही हात पुढं केले. आणि सांगितलं. कावळा नाही, कोंबडी नाही. "आम्ही इथं काम करतो. या न्हाईत करत. आम्हाला मोजे न्हाईत. आमची एक पोरगी निळी पडली. ती आता माहूरच्या बसमध्ये हाय." तेवढंच. माझ्या जिभेला एवढं थोडं बोलायची सवय नव्हती.

गोरीनं मॅनेजरकडं बघितलं. तो इंग्रजीत बोलला. मला त्यातला एकच शब्द कळला, कारण दवाखान्यात गेलं की तो कानावर पडतोच. स्किन डिसीज. म्हणजे मला त्वचेचा रोग आहे. हळदीकुंकवाला मी चेष्टा होते, केबिनमध्ये थापाडी होते, इथं रोगी झाले.

मग मी बोलणंच सोडलं. भरलेल्या पिशवीवर लेबल होतं, मीच आदल्या दिवशी चिकटवलेलं. त्यावरच्या मोजा घातलेल्या हाताच्या चित्राशेजारी मी माझा हात ठेवला. उघडा, पिवळा, नखं काळपट निळी. आणि तसाच ठेवला. त्याचं भाषांतर मॅनेजरला करता येईना.

गोऱ्या बाईनं मोबाइल काढला आणि फोटो घेतला. माझ्या तोंडाचा नाही, हाताचा.

पुढं काय झालं म्हणता? माल गेला. ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या बंदराकडं. गिऱ्हाइकाचं एक पत्र आलं म्हणे, आणि मोजे कपाटातून बाहेर आले. मास्क नाही आले. मला गुत्तेदारानं गेटवरच सांगितलं, "अक्का, तुझं काम संपलं." मी सरकारी ऑफिसात गेले. साहेब म्हणाले, लेखी द्या. दिलं. म्हणाले, तपासणी करू. मी विचारलं, "जाण्याआधी फोन करणार का?" साहेबांनी दुसरी फाइल उघडली.

शाहीन आतच आहे. मोजे घालून, पदर बांधून तीच पावडर भरते. संध्याकाळी ती आली की मी तिची नखं उजेडात धरून बघते. ती हात ओढून घेते. "बस करो अक्का, डॉक्टर हो क्या?" मी बघतेच.

माझे हात आता फिकट होऊन राहिलेत. नखाच्या मुळाशी गुलाबी दिसू लागलंय. नवरा खूश आहे. मी नाही. माझ्याकडं दाखवायला होतं ते हेच, आणि ते रोज थोडं थोडं पुसून चाललंय. मी एकटीचे हात दाखवून भागणार नाही, हे मला उशिरा कळलं. म्हणून वस्तीत घरोघर बसते आहे. थापा मारत नाही. एकेका बाईला एवढंच विचारते: पुढच्या फोनला तू बसमध्ये चढणार का?

सात-आठजणी नाही म्हणाल्या. बाकीच्या खाली बघतात. लातूरला गंगाबाईकडंपण जाऊन आले. तिनं चहा दिला आणि म्हणाली, टेम्पो आला तर आमच्या मिलातल्यापण चढणार न्हाईत, मी बघते.

ज्या सकाळी बस लागेल, त्या सकाळी मी गेटपुढं उभी असेन. चढणाऱ्या चढोत. ज्या नाही चढणार त्या माझ्याबरोबर उभ्या राहतील, हात वर करून, साहेबाची गाडी आत जाईल त्याच रस्त्यावर. गाडीला आत जायचं असेल तर आम्हाला बघूनच जावं लागेल. आम्ही हलणार नाही.