दहिवडीची वाट मीच पुसली

आमच्या दूध संघाचं साताऱ्यातलं संगणक खातं म्हणजे दोन माणसं, साहेब आणि मी. साहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले. सातारा-सांगलीतल्या सगळ्या संकलन केंद्रांचे राउटर त्यांच्या लेखी जवान. कुठला डेटा कुठल्या वाटेनं न्यायचा, हे प्रत्येक राउटरवर हातानं लिहिलेलं. याला स्टॅटिक म्हणतात. मी म्हणायचो, डायनॅमिक करू, राउटर एकमेकांना विचारून वाटा शोधतील, एक तुटली तर दुसरी धरतील. जवानांनी आपापसात बोलून रस्ता ठरवायचा, हे साहेबांना पटेना. समजावून समजावून माझा घसा दुष्काळी माण तालुक्याहून कोरडा झाला.

शेवटी परवानगी मिळाली, दहिवडीच्या एका केंद्रापुरती. वर अट, संध्याकाळचं दूध अडलं तर उद्यापासून घरी बसायचं. घरी म्हणजे थोरल्या भावाच्या हुकमाखाली उसाला पाणी पाजायचं. त्यापेक्षा फौज बरी.

साडेचारला साताऱ्यात बसूनच दहिवडीच्या राउटरमध्ये शिरलो. आमच्या घरात सारवल्याशिवाय कुणी रांगोळी काढत नाही. तीच खोड हाताला. नवं लिहायच्या आधी जुन्या वाटा पुसल्या, एकदम लख्ख. आणि स्क्रीन थिजली. ज्या वाटेनं दहिवडी मला उत्तर देत होती, तीच मी पुसली होती. डायनॅमिकचं तर अजून अक्षर लिहिलं नव्हतं.

पाचला दूध सुरू होणार, साताऱ्याला नोंद पोचल्याशिवाय माप होत नाही आणि गाडीनं दहिवडी दीड तास. एकच पुण्याई, पुसलेलं सेव्ह केलं नव्हतं. राउटर बंद करून चालू केला, की जुन्या वाटा परत. केंद्र सांभाळणाऱ्या ताईंना फोन लावला. राउटर कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली नवऱ्याच्या खिशात आणि नवरा मुंबईत. मी अशी गयावया केली की फोन ओला झाला.

"आवं, रडताय कशापायी?" ताई म्हणाल्या. "मेन स्विचच पाडते की."

वीज गेली तरी राउटर चालू ठेवणारी बॅटरी उन्हाळ्यातच मेली होती, तिला मी मनोमन दंडवत घातलं. ताईंनी स्विच पाडला. दुधाची टाकी, पंखे, त्याच मीटरवरची पिठाची गिरणी, सगळं गप्प. ती शांतता मला साताऱ्यात ऐकू आली. मग स्विच वर गेला आणि पाचला पाच मिनिटं कमी असताना दहिवडी बोलली.

मागं वळलो तर साहेब उभे.

"दहिवडी कुठं गेली हुती रं?"

"सराव होता साहेब," मी म्हणालो. "अचानक तुटलं तर किती वेळात उभं राहतंय, बघत होतो."

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांची छाती चार बोटं फुगली.

"शाबास गड्या. हर मंगळवारी करायचं."

नोकरी राहिली. आता दर मंगळवारी मी दहिवडीची वाट पुसतो, ताई स्विच पाडतात आणि साहेब घड्याळ धरून उभे राहतात. डायनॅमिकचं नाव काढलं की म्हणतात, एवढ्या झटक्यात उभं राहतंय, मग त्या राउटरांना बडबड कशाला शिकवायची?