टँकरच्या रजिस्टरातली ओळ

तिसऱ्यांदा ब्रोशर परत आलं, तेव्हा बिल्डरशेठनी त्यावर लाल पेनाने एवढंच लिहिलं होतं, ‘मजा नाय.’

मी तेव्हा जाहिरात एजन्सीत कॉपीरायटर होतो. म्हणजे चित्राशेजारचा मजकूर लिहिणारा. फ्लॅट विकले गेले तर श्रेय चित्राचं, पडून राहिले तर दोष मजकुराचा. फ्लॅटची स्कीम शहराबाहेर, चिकलठाण्याच्या पुढे होती. दुष्काळाचं वर्ष. शहर जालना रोडने पुढे सरकत होतं आणि त्याच्या मागे टँकर धावत होते.

“शेठ, नक्की काय पाहिजे?” मी फोनवर विचारलं.

“अरे बाबा, पाणी आहे असं वाटलं पाहिजे. पण पाण्याचं नाव नको. उद्या कोणी कोर्टात गेलं म्हणजे?”

माझं डोकंच फिरलं. त्यात माझी धाकटी बहीण सुनीता त्याच स्कीममध्ये घर बघत होती. शिक्षिकेच्या पगारातून तिने वर्षानुवर्षं पैसे साठवले होते. “दादा, तू लिहितोयस म्हणजे चांगलंच असणार,” असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती.

वाचताना आवडलेली ओळ वहीत उतरवून घ्यायची, ही माझी जुनी खोड. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, दुकानावरच्या पाट्या, काहीच सोडत नाही. अडलं की वही उघडायची, एखादी ओळ गाडी पुढे ढकलते. या वेळी वहीनेही हात टेकले. शेवटी साइटवर गेलो.

तिथे पत्र्याच्या शेडमध्ये टँकरचं रजिस्टर लटकत होतं. सोयगावकडच्या कांताबाई मजुरांच्या मुकादम होत्या, नोंदी त्याच ठेवायच्या. तारीख, खेप, सही आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. सहज चाळताना एका शेऱ्यावर थबकलो. ‘पाणी सगळ्यांला पुरलं. कोणी भांडलं नाय.’

अंगावर काटा आला. दहा दिवस मी शब्द घासत होतो आणि या बाईंनी उभ्या उभ्या लिहून टाकलं होतं. ओळ वहीत उतरवली. ऑफिसात येऊन हेडलाईन लिहिली, ‘सगळ्यांना पुरेल. कुणी भांडणार नाही.’

“लई भारी!” शेठ म्हणाले. छपाईआधीच्या शेवटच्या प्रूफवर लिहिणाऱ्याने सही करायची असते. मी ऐटीत केली.

प्रूफची एक प्रत आणि पेढे घेऊन कांताबाईंकडे गेलो. त्यांनी वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

“सायेब, त्या दिशी निम्मी माणसं लग्नाला गावाकडं गेलती. म्हणून तर पुरलं. रोज पुरलं असतं तर लिव्हलं कशाला असतं? रोज तर भांडणंच हायेत इथं. बाकीचे शेरे कोरे हायेत, दिसलं नाय का तुम्हाला?”

नव्हतं दिसलं. आवडलेल्या ओळीच्या वर-खाली बघायचं मला सुचलंच नव्हतं. स्वतःचा भयंकर राग आला.

धावत ऑफिस गाठलं. “सर, हेडलाईन बदलू. ही ओळ खोटी आहे.”

आमचे बॉस जाधव सर मानही वर न करता म्हणाले, “प्रूफवर सही कोणाची?”

“माझी.”

“शेठला आवडलीय ना? तुला का तिथं राहायचंय?”

“बहिणीला राहायचंय.”

“मग तिला सांग. मशीन थांबणार नाही.”

सांगितलं. सगळं सांगितलं. ती माझ्यावरच भडकली. “लिहिणार तूच आणि नको म्हणणारही तूच? माझं घर होतंय ते बघवत नाही का तुला?” दुसऱ्याच दिवशी तिने बुकिंग केलं. ब्रोशर छापलं, होर्डिंगही लागलं. फ्लॅट भराभर गेले. त्या वर्षी मला पगारवाढ मिळाली.

ओळी उतरवायची खोड गेली नाही. फक्त आता लिहिणाऱ्याला आधी विचारतो, हे रोजचं आहे की एकाच दिवसाचं? त्यामुळे वही लवकर भरत नाही.

सुनीता तिथेच राहते. टँकर चुकला की बाकीचे लोक बिल्डरला फोन लावतात. ती मला लावते.